डब्यासाठी जिताडा

मी लहान होते तोवर आमच्या शेतात भात पिकायचं. मग एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. ओहोटीला ते परत जायचं, पण जाताना जमिनीत मीठ ठेवून जायचं आणि पुढच्या भरतीला पुन्हा हजर. पहिल्या वर्षी सगळ्या आळीने माती, पेंढा, दगड टाकून ती खांड बुजवली. पुढच्या उधाणात ती पुन्हा गेली. मग बुजवायला माणसं कमी आली, आणि नंतर कुणी येईनासंच झालं. जिथे आई लावणीला वाकायची तिथे कांदळ उगवली, चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारायला लागल्या. आळीतली घरं एकेक करून वरच्या अंगाला, रस्त्याकडे सरकली. आम्ही सरकलो नाही, कारण सरकायला तिकडे जागा लागते. बाबांनी हाताशी राहिलेल्या तुकड्याभोवती कमरेएवढा बांध घातला, आत तळं केलं आणि पावसाळ्यात खाडीतून जिताडा माशाची बोटभर पिल्लं पकडून त्यात सोडायला सुरुवात केली. वरच्या आळीतली काशीकाकी आईला म्हणाली, "शेतकऱ्याचा मच्छीवाला झाला गो तुजा घोव." आई म्हणाली, "व्हय. आनि मच्छी तूच नेतंस फुकट."

कुणाला आमची कीव यावी म्हणून मी हे लिहीत नाही. आम्ही उपाशी राहिलो नाही. तांदूळ विकत आणावा लागायचा, एवढंच. आई रोज पहाटे टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात बसायची आणि दुपारी रिकामी टोपली उलटी डोक्यावर घालून उन्हातून परत यायची. पण माणसांची चणचण मात्र होती. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला पडकी जोती. संध्याकाळी दुसऱ्या घरातला कुकर, कुणाचं भांडण, कुणाच्या पोराचं रडणं, असलं काही कानावर यायचं नाही. ऐकू यायचं ते फक्त तळ्यात जिताडा उसळल्याचं, ओल्या फळीवर हात मारल्यासारखं. अजूनही कुठे तसा आवाज झाला की माझी मान आपोआप वळते.

माझा मोठा भाऊ हरेश, त्याला मी दादूस म्हणते. आमच्याकडे सगळेच मोठ्या भावाला दादूस म्हणतात. तो होता तोवर मला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. मामाने त्याला कधीतरी जत्रेतून व्हिडिओ गेम आणून दिला होता. करडा डबा, दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर लाखो खेळ लिहिलेले होते आणि आत मोजून चारच होते. कॅसेट चालली नाही की दादूस तिच्यात फुंकर मारायचा, मग मी मारायची, मग पुन्हा तो. टीव्ही काळा-पांढरा, विटांवर ठेवलेला. आम्हाला आवडायचा तो रणगाड्यांचा खेळ. दोघांचे दोन रणगाडे आणि मध्ये खाली विटांच्या आत आमचं ठाणं. शत्रू वरून यायचे. दादूस पुढे जाऊन गोळ्या मारायचा आणि ओरडायचा, "दर्शे, ठाना सांबाल! ठाना!" मी आयुष्यभर ठाणं सांभाळणाऱ्यांतली. त्या खेळाची टिवटिव आणि आईच्या भाकरीची थापथाप एकाच वेळी चालायची. आई मधूनच म्हणायची, "कवरा मारताव त्यांना, मेले का नाय अजून?"

दादूस बारावीला गणितात नापास झाला. पुन्हा बसला नाही. न्हावा शेव्याला ट्रेलरवर क्लीनर म्हणून गेला, मग लायसन काढून ड्रायव्हर झाला. तिकडेच कंटेनर यार्डाच्या मागे खोली घेतली. सुरुवातीला महिन्याने यायचा, मग सणाला, मग सणालाही गाडीवर पाळी लागलेली असायची. तो गेल्यावर त्या हिवाळ्यात आईने पोपटी लावली. पोपटी म्हणजे आमच्याकडे अख्ख्या आळीचा कार्यक्रम. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या आणि मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून चर्र वाजलं की झाली म्हणायचं. कुणी ताशा वाजवतं, कुणी कुणाच्या शेंगा पळवतं. आईने तिघांपुरतं लहान मडकं लावलं. आम्ही तिघं जाळाभोवती बसलो आणि शेंगा सोलून खाल्ल्या. कुणी काही पळवलं नाही. आईने सवयीने चौथा वाटा काढला होता, तो दुसऱ्या दिवशी मी शाळेत डब्यात नेला.

मी एकटी असताना गेम लावायची. त्यात एकट्याने खेळायची सोय होती, पण मी दोघांचा खेळ लावायची. दुसरा रणगाडा खाली कोपऱ्यात उभा राहायचा, हलायचा नाही, गोळी मारायचा नाही. शत्रू यायचा आणि त्याला उडवून जायचा. म्हणून मी ठाणं सोडून त्याच्यापुढे उभी राहायला लागले. त्याने मी लवकर हरायची. मग एक दिवस खाऱ्या हवेने तो डबा आतून गंजला आणि फुंकर मारूनही लागेना.

आमच्या घरी मोबाइल होता, आईचा, साधा बटणांचा. रेंज मात्र फक्त बांधाच्या टोकाला, तीही वारा पडलेला असला तर. दर रविवारी संध्याकाळी मी तिथे जाऊन उभी राहायची आणि दादूसचा फोन यायचा. पहिल्या दोन मिनिटांत सगळं संपायचं. जेवलास का, जेवलो. बाबा कसे हायत, बरे हायत. पाऊस हाय का तिकडं. मग दोघंही गप्प. फोनमधून मागे गाड्यांचे रिव्हर्स हॉर्न ऐकू यायचे आणि माझ्या बाजूने पाण्याचा आवाज त्याला जात असेल. ठेवायचा कुणालाच नसायचा, पण बोलायचं काय हेही समजायचं नाही. शाळेत नववीला कोण पहिली आली, हे त्याला सांगायला मला लाज वाटायची. पहिली मीच आलेली असायची.

अशात दहावीच्या वर्षी आईने बाजारातून सुकट बांधून आणलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर मला एक बातमी दिसली. एक कंपनी स्वस्तातला व्हिडिओ गेम काढणार आहे, सामान्य माणसाला परवडेल असा, आणि तो लवकरच भारतात येणार आहे. खाली चित्र होतं, पण त्यावर सुकटीचा तेलकट डाग पडला होता, त्यामुळे डबा गोल की चौकोनी ते दिसत नव्हतं. पुढच्या रविवारी मी दादूसला ती बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "हा, आमच्याकडं पन बोलतात ड्रायवर लोक. मी सांगतो तुना इचारून."

आणि त्या दिवसापासून आमचे फोन लांबले.

पुढच्या रविवारी त्याच्याकडे बातमी होती. डबा चौकोनी आहे, पण पुस्तकाएवढा पातळ. त्याच्या पुढच्या रविवारी, रिमोटला वायरच नाही. मी म्हणाले, वायर नाही तर चालेल कसा? तो म्हणाला, टीव्हीचा रिमोट चालतोच ना. मला पटलं. मग किमतीवर आम्ही एक महिना काढला. तो एक आकडा सांगायचा, मी म्हणायची एवढा कसा असेल, स्वस्तातला म्हटलंय ना, मग तो पुढच्या वेळी चौकशी करून कमी करून आणायचा. मी अलिबागच्या सायबर कॅफेत जाऊन अर्धा तास घेऊन शोधलं. तिथेही लोक आमच्यासारखेच भांडत होते. कुणी म्हणे दिवाळीला, कुणी म्हणे येणारच नाही, कुणी म्हणे जुन्या टीव्हीला लागणार नाही. हे शेवटचं वाचून मी हबकले. दादूसला विचारलं तर म्हणाला, "लागतो. काळ्या-पांढऱ्याला पन लागतो. मुन्ना बोलला." मुन्ना म्हणजे त्याच्या खोलीतला दुसरा ड्रायव्हर. हा मुन्ना सगळं जाणून होता. त्याचा कुणीतरी माणूस म्हणे बंदरावर कागदपत्रं बघायचा.

"काल भुतेक मीच नेला," दादूस एकदा म्हणाला.

"काय?"

"कंटेनर. सील असतो गो, आत काय दिसत नाय. पन वजनावरून कलतं. हलका होता जाम. कापूस नव्हता, कापसाचा वास येतो."

मी हसत सुटले. "मग फोडायचास की!"

"आनि मंग तू जेलात येशील डबा घेऊन."

त्यानंतर मी रस्त्याने शाळेत जाताना प्रत्येक कंटेनरकडे बघायची. आमच्या बाजूने फारसे जात नाहीत, पण एखादा चुकूनमाकून दिसायचाच. लाल, निळा, तांबूस. आत काय असेल याचा विचार करत मी पुलावर उभी राहायची. जगातलं सगळं सामान माझ्या भावाच्या हातावरून जातं, असं मला तेव्हा वाटायचं आणि त्याचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

मग एका रविवारी त्याने सगळ्यांत मोठी बातमी दिली. म्हणाला, "दर्शे, त्या डब्यावर लांबून खेलता येतंय. एक डबा तुज्याकडं, एक माज्याकडं. तू तिकडं, मी इकडं. पडद्यावर दोगं एकत्र." मी विचारलं, कसं? म्हणाला, फोनसारखं, हवेतून. मी बांधाच्या टोकाला उभी होते, भरती लागत होती, पाणी पायाच्या जरा खालीच होतं. मला एवढंच दिसलं की कोपऱ्यातला तो रणगाडा हलला.

"आयकतंस ना?"

"आयकतंय."

"पन पयल्या खेपेला थोरेच येनार. ज्याचं नाव आदी, त्याला. अलिबागच्या दुकानात नाव लावून ठेवाय पायजे."

हे मी घरी येऊन सांगितलं. सांगितलं म्हणजे आईला, चुलीपाशी, पण बाबा ओटीवर जाळं विणत होते. माझे बाबा कमी बोलायचे. शाळेत ते गेलेच नव्हते, आणि ज्या गोष्टी कळत नाहीत त्या न विचारता ऐकून घ्यायच्या, अशी त्यांची सवय. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या डब्यानं तू आनि हरेश बोलनार?"

"बोलणार नाही बाबा, खेळणार."

"एकच ते," बाबा म्हणाले.

आता जिताड्याचं सांगायला हवं. आमच्या खारेपाटात कुणाकडे काम असलं की जिताडा नेतात. डॉक्टरने बाळंतीण सोडवली, मास्तरने पोराला पास केलं, कचेरीतल्या साहेबाने उतारा दिला, की तळ्यातला चांगला जिताडा काढून त्यांच्या दारात. याला कुणी लाच समजत नाही, हा मान आहे. त्याच्या रीती ठरलेल्या. मासा अख्खा पाहिजे, कापलेला नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, पण शेपूट बाहेर ठेवायचं, केवढा आहे ते दिसलं पाहिजे. आल्या आल्या काम बोलायचं नाही. समोरच्याने पाणी दिलं की मान घेतला असं समजायचं, मगच बोलायचं. आणि एकदा नेलेला जिताडा परत आणायचा नाही. परत आणला तर तळ्याला पुन्हा मासा लागत नाही, असं बाबा मानायचे.

आमच्या तळ्यात एक मोठा जिताडा बाबांनी राखला होता. दादूस शिमग्याला येणार, तेव्हा तो काढायचा, असं आईचं आणि बाबांचं ठरलेलं. आई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी वेगळी बारीक मासळी टाकायची. तो उसळला की म्हणायची, "आला गो हरेशचा जिताडा."

पुढच्या शनिवारी सकाळी मी उठले तर बाबा तळ्यात कमरेपर्यंत उतरले होते आणि आई काठावर गोणपाट घेऊन उभी होती. बाबांनी तो मासा छातीशी धरून वर आणला. आईने त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "न्या. माज्या पोराचाच हाय, पोराच्याच कामाला जातंय."

बाबांनी धुवट शर्ट घातला, टोपी घातली. मी शाळेचा गणवेश घातला, कारण त्याहून चांगलं काही नव्हतं. मिनीडोर रिक्षात जिताडा आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा, शेपूट एका बाईच्या पदराला लागत होतं. ती म्हणाली, "कोनच्या सायबाकडं?" बाबा म्हणाले, "टीवीवाल्या शेटकडं." ती बाई बाबांकडे बघत राहिली, पण बोलली काही नाही. ती बोलली असती तर पुढचं टळलं असतं. पण मग बाकीचंही टळलं असतं.

दुकान मोठं होतं. काचेचे दरवाजे, पांढरी फरशी, भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच बाई एकाच वेळी हसत होती. उदबत्तीचा वास होता. मागे देवाच्या तसबिरीला ताजा हार. शेठ म्हातारे, पांढऱ्या सदऱ्यात, कपाळावर केशरी टिळा. अलिबागमध्ये आयुष्य काढलेले गुजराती व्यापारी. बाबा सरळ आत गेले, रामराम घातला आणि गोणपाट उघडून जिताडा काचेच्या काउंटरवर ठेवला. अख्खा. शेपूट शेठकडे.

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. फक्त टीव्हीतली ती बाई बोलत राहिली. मग शेठ खुर्ची सरकवून मागे भिंतीला टेकले आणि दोन्ही हात वर धरून म्हणाले, "अरे अरे अरे! काका! आ शुं? हे काय आणलं? उठाव, उठाव पहिलं!" एक गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून बाहेर गेलं. दुसरे दोघं हसायला लागले. एकजण म्हणाला, "शेठ, फ्रिज घ्यायला आलेत, डेमो दाखवा." माशाचं पाणी काउंटरवरून वहीवर, वहीवरून फरशीवर.

बाबांना कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की मान घेतला जात नाही. ते म्हणाले, "ल्हान वाटला का शेट? तल्यात याच्यावर दुसरा नाय. इस्वास नसंल तर चला दाखवतो."

मला कळलं. बाजारात आईबरोबर बसून मला माहीत होतं, कुठली माणसं मासळीच्या गल्लीतून जात नाहीत. मी बाबांना हे आधी सांगू शकले असते, पण मी डब्याच्या विचारात होते, आणि बाबांच्या डोक्यात मोठा माणूस म्हणजे जिताडा खाणारा माणूस. आजही लोक मला ही गोष्ट सांगायला लावतात आणि हसतात. हसू दे. मी मात्र त्या दिवशी गणवेशाची ओढणी काढली आणि काउंटर पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "शेठ, आमच्याकडे ज्याला मोठा मानतात त्याला हा देतात. साहेबाला देतात, डॉक्टरला देतात. बाबांनी तुम्हाला दिला. तुम्ही खात नाही हे त्यांना माहीत नाही. तुम्ही हसणाऱ्यांना गप्प करा, मी फरशी धुऊन देते."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्या दोघांना गुजरातीत काहीतरी बोलले. ते हसायचे थांबले. "कशासाठी आलात, बेटा?" मी सांगितलं. नवा स्वस्तातला गेम, पहिल्या खेपेत नाव, भाऊ न्हावा शेव्याला, लांबून खेळायचं. शेठ म्हणाले, "रोज पोरं येतात विचारायला. मी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणतो अजून काहीच ठरलं नाही. येईल की नाही तेच माहीत नाही. नाव कसलं लिहू?"

"आनि लांबून खेलायचं?" बाबांनी विचारलं.

"ते मी ऐकलं नाही, काका."

मी काउंटर पुसतच राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.

बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "बरं. पन जिताडा आमी परत नेत नाय." शेठ म्हणाले, "काका, मी हात पण लावू शकत नाही." बाबा म्हणाले, "मंग राऊ दे इथं." दोन म्हातारी माणसं, मध्ये मासा, आणि दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हतं. मी बाबांची ती परत न नेण्याची रीत शेठना सांगितली, पाण्याचीही सांगितली. शेठ उठले. काउंटरला लांबून वळसा घालून मागे गेले आणि स्वतः तांब्या-भांडं घेऊन आले. बाबांना पाणी दिलं. बाबा टोपी काढून ते प्यायले.

"आता मी मान घेतला?" शेठनी विचारलं.

"घेतला."

"मासा माझा झाला?"

"तुमचाच."

"मग मी सांगतो तिथे न्या. तुमच्या मुलाला खाऊ घाला. जा. बर्फ भरून घ्या आधी."

बाबांनी रामराम घातला आणि गोणपाट बांधलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मानूस चांगला हाय. खात नाय त्याला काय करनार."

पेणहून गाडी बदलून आम्ही दुपारी तिकडे पोचलो. बाबा पहिल्यांदाच येत होते, मीही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर एकावर एक, आमच्या गावातलं सगळ्यांत उंच घर त्यापुढे खुराड्याएवढं. धूळ एवढी की झाडं करडी. विचारत विचारत पत्र्याच्या खोल्यांची रांग सापडली. दादूस नुसत्या बनियनवर दारात बसून कांदा चिरत होता. आम्हाला बघून त्याच्या हातातली सुरी पडली. "आई बरी हाय ना?" तो म्हणाला. तो एवढा वाळला होता की मला आधी मुन्नाच वाटला.

"बरी हाय," बाबा म्हणाले. "तुजा जिताडा आनलाय."

खोलीत एक चटई, एक स्टो, भिंतीला खिळे आणि खिळ्यांवर कपडे. टीव्ही नव्हता. गेम लावायचा कशाला, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं. दादूस तेल आणि मिरची-मसाला आणायला गेला. बाबा बाहेर मासा कापायला बसले. खोलीत मुन्ना होता, उत्तरेकडचा, हसरा, लुंगी लावलेला. मी त्याला म्हणाले, "मुन्नाभाई, वो गेम का आपने बताया था ना दादूस को? लांब से खेलने वाला?"

"कौन सा गेम, बहन?"

"नया वाला. सस्ता. आपका आदमी है ना बंदर पे, कागज देखने वाला."

मुन्ना हसला. "मेरा आदमी? अरे, मुझे तो गेट वाला भी नहीं पहचानता." मग हळू म्हणाला, "हरेशभाई तो किसी से बात ही नहीं करता. गाड़ी, खोली, गाड़ी. बस इतवार को फोन पे हँसता है. शनिवार से बैठ के सोचता रहता है, क्या बोलूँ, क्या बोलूँ."

दादूस परत आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्यात निवडायला काही नव्हतं. स्वच्छ तांदूळ होता.

जिताड्याचं कालवण त्या स्टोवर दोन खेपांत झालं. चिंच होती, खोबरं नव्हतं. डोकं दादूसने बाबांच्या ताटात घातलं, बाबांनी ते उचलून दादूसच्या ताटात घातलं. ताटं दोनच होती, म्हणून मी आणि मुन्ना झाकणांवर जेवलो. शेजारच्या खोल्यांतले ड्रायव्हर वासाने डोकावले, त्यांनाही मिळालं. बऱ्याच दिवसांनी मी एवढ्या माणसांत जेवत होते. मग बाबांनी विचारलं, "हरेश, त्या डब्याचं काय? शेट बोलतो, ठरलाच नाय."

दादूसचा घास तसाच हातात राहिला. तो ताटाकडे बघत होता.

"उशीर होणार म्हणतात, बाबा," मी म्हणाले. "मुन्नाभाई आत्ताच सांगत होते. कंपनीचं अडलंय. हो ना मुन्नाभाई?"

"हाँ, हाँ. अडलं है," मुन्ना म्हणाला.

दादूसने माझ्याकडे बघितलं. मी माशाचा काटा काढत होते. त्याने घास खाल्ला.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. चटईकडे, खिळ्यांकडे, पोराच्या गळ्याच्या हाडांकडे. हात धुऊन आले आणि उभ्यानेच म्हणाले, "इकडं कालेज हाय का?"

"पनवेलला हाय," दादूस म्हणाला.

"मंग दहावी झाली का ही इथं येल. तू खोली जरा मोठी बग. डब्याची वाट किती बगायची?"

तेवढंच. आमच्या घरात माझ्या शिक्षणाचा निर्णय असा झाला. काशीकाकी नंतर म्हणाली, पोरीला बंदरावर ठेवतात का कुणी? बाबा म्हणाले, "पोरीला नाय ठेवली, पोराला सोबत दिली." रात्रीच्या आत आम्ही घरी परतलो. आईने जिताड्याचं विचारलं. बाबांनी सगळं सांगितलं, दुकान, काच, शेठ, पाणी. तिने मधलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "पोटभर खाल्लान ना?"

मी अकरावीला तिकडे गेले. कुणी समजू नये की मग सगळं छान झालं. दादूस गाडी घेऊन गेला की मी त्या नव्या खोलीत एकटीच असायची, बाहेर हॉर्न आणि आत मी, आणि कॉलेजात माझं बोलणं ऐकून मुली हसायच्या. मी बोलणं बदललं नाही, फक्त कमी केलं. पण तो आला की चपला काढतानाच विचारायचा, काय शिकवलं आज? मी सांगायची. गणित सांगितलं की तोंड वाकडं करायचा, तरी ऐकायचा. आणि इकडे बांधाच्या टोकाला रविवारी आई फोन घेऊन उभी राहायची. घरात आता ती दोघंच. मी एकदा तिला विचारलं, यंदा पोपटी लावलीस का? म्हणाली, "दोगांची कसली पोपटी गो." माझं शिक्षण झालं त्याची ही किंमत, आणि ती मी भरली नाही, तिने भरली. हे लिहून ठेवते.

तो स्वस्तातला डबा आला नाही. त्याच्यानंतर दुसरे पुष्कळ आले, लांबून खेळता येणारेही आले. आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, भाच्याच्या हातात मोबाइल आहे आणि तो कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांशी खेळतो. मी मात्र तसला गेम कधी घेतला नाही. पण दादूसचा रविवारचा फोन अजून येतो. जेवलीस का, जेवले. मग थोडा वेळ गप्प. मग तो म्हणतो, "आयकलंस का, नवा येतंय म्हनतात. स्वस्तात." आणि मी विचारते, "कितीला?"

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आणि खालच्या आळीत, पदवी घेणारी मी पहिली.